म्हणे स्वतःलाच फसवतो!

परवा नातीने मला निरुत्तर केलं. आठवीत आहे. घटक चाचणीचे पेपर हातात मिळाले होते आणि बाईसाहेब तोंड पाडून बसल्या होत्या. विचारलं तर कळलं, शेजारच्या मुलीने हिच्या पेपरात बघून बघून लिहिलं आणि तिला हिच्यापेक्षा दोन गुण जास्त पडले! हिचं एक गणित घाईत चुकलं होतं, तेवढं त्या बयेने दुसऱ्या बाजूचं बघून लिहिलं. मी भाजी निवडता निवडता सवयीने बोलून गेले, "जाऊ दे गं. कॉपी करणारा स्वतःलाच फसवत असतो."

"म्हणजे नक्की काय होतं गं तिला, आजी?"

हातातली जुडी तशीच राहिली. खरंच, काय होतं? काही होत नाही. तिला दोन गुण जास्त मिळाले, तिच्या आईने तिला आवडीचं काहीतरी करून घातलं असेल, आणि माझी नात इथे तोंड पाडून बसली आहे.

तेहतीस वर्षं मास्तरकी केली मी. एवढ्या वर्षांत हे वाक्य किती वेळा वर्गात म्हटलं असेल, किती वेळा सुविचार म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहिलं असेल, मोजदाद नाही. आज पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर मला सांगावंसं वाटतंय की ते वाक्य साफ खोटं आहे. आणि नुसतं खोटं असतं तरी चाललं असतं, त्याने नुकसान केलंय. माझ्या हातूनही केलंय.

आधी खोटं कसं ते सांगते. मी ज्या तालुक्याच्या गावी शिकवलं तिथली कॉपी करून पास झालेली मुलं आता पन्नाशीला आली आहेत. त्यांच्या मुलामुलींच्या लग्नाच्या पत्रिका मला येतात, वाकून नमस्कार करतात, "बाई, जेवल्याशिवाय जायचं नाही" म्हणतात. कोणी जिल्हा परिषदेत चिकटलाय, कोणी ठेकेदार झाला, एक तर स्वतःच संस्थाचालक आहे. त्यांना रात्री झोप येत नाही असं मला कधी कोणी सांगितलं नाही. त्यांच्यात काही फार चांगली माणसंही आहेत, हेही सांगायला हवं. "पुढे आयुष्याच्या परीक्षेत उघडे पडतात" असंही आम्ही शिक्षक म्हणायचो. कुठले उघडे पडतात? एखादा पडतो, आणि आपण त्या एकाचीच गोष्ट पंचवीस वर्षं सांगत बसतो.

मग फसतं कोण?

ही गोष्ट मी आजवर घरात कोणाला सांगितलेली नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांतली आहे. बारावीची परीक्षा, मार्च महिना, पत्र्याच्या खोल्या. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना खरं वाटणार नाही, पण केंद्राच्या भोवती जत्रा भरायची. कंपाउंडवर चढलेले भाऊ, मामा, चुलते. गाइडची फाडलेली पानं दगडाला गुंडाळून खिडकीतून आत यायची. पुढे पुढे झेरॉक्सवाले सगळं उत्तर तळहाताएवढ्या कागदावर बारीक करून द्यायला लागले. भरारी पथकाची जीप फाट्यावर दिसली की एक पोरगा सायकल हाणत यायचा, आणि पाच मिनिटांत सगळे गाइड कौलांवर. पथक चहा पिऊन गेलं की गाइड पुन्हा खाली.

त्या दिवशी मी पर्यवेक्षक होते. पेपर अर्धा झाला असेल, केंद्रप्रमुख दारात आले आणि हळूच म्हणाले, "बाई, जरा व्हरांड्यात थांबता का?" मी थांबले. मला कळलं नव्हतं असं नाही. केंद्राचा निकाल घसरला की संस्थेची बैठक बसायची, आणि मी तेव्हा नुकतीच कायम झाले होते, घरात दोन लहान मुलं. वीस मिनिटं मी व्हरांड्यात उभी राहून समोरच्या चिंचेकडे बघत होते. आत कोणीतरी उत्तरं सांगत होतं आणि वर्ग उतरवून घेत होता.

आत परत गेले तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पेन खाली ठेवून, दोन्ही कानांवर हात घेऊन बसली होती. त्या गलक्यात तिला स्वतःचं काही सुचत नव्हतं, आणि सांगितलेलं लिहायचं नव्हतं. वीस मिनिटं तिने काही लिहिलं नव्हतं. पेपर संपल्यावर फाटकाशी माझ्याजवळ आली. "बाई, माझा वेळ गेला." एवढंच म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काय म्हणाले असेन? तेच! "कॉपी करणारा स्वतःलाच फसवतो बेटा, तू तुझं बघ."

त्या वर्षांत डी.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असे. खेड्यातल्या मुलीला घराबाहेर पडून, चार पैसे कमवून ताठ मानेने उभं राहायचा तो एक रस्ता होता, आणि अर्ध्या अर्ध्या टक्क्याने मुली यादीबाहेर राहत. ही राहिली. त्याच खोलीतल्या दोघींचा नंबर लागला. मे महिन्यात हिचं लग्न लावून दिलं.

आठेक वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर भेटली. शिवणकाम करते, दोन मुली आहेत, दोघी शिकतायत. चहा घेतला आम्ही. रागावली नव्हती अजिबात. उठताना मात्र म्हणाली, "बाई, तुम्ही तेव्हा बाहेर का गेलात?"

मी काही बोलले नाही. गाडी लागली, ती गेली.

त्या प्रश्नावर विचार करता करताच मला हे सुविचाराचं खरं काम कळलं. मी व्हरांड्यात निवांत उभी राहू शकले ती त्याच्या जोरावर. करणारा स्वतःलाच फसवतोय ना? मग त्याची शिक्षा त्याला आपोआप मिळणार. मग मी आत जाऊन "बंद करा हे" म्हणायची काय गरज? हे वाक्य कॉपी करणाऱ्याला घाबरवायला नाहीच. बघणाऱ्याला मोकळं करायला आहे.

मी मराठी शिकवायची, त्यामुळे 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार दर वर्षी यायचा. मी रंगवून सांगायची. धर्मराज अर्धसत्य बोलले आणि जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्यांचा रथ खाली टेकला! मुलं डोळे मोठे करून ऐकायची. तेहतीस वर्षांत एकाही मुलाने विचारलं नाही आणि मीही मुद्दाम कधी सांगितलं नाही, की बाबांनो, रथ खाली आला त्याचं एवढं काय? त्या वाक्यावर विश्वास ठेवून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं आणि त्यांचं डोकं उडवलं गेलं. एक म्हातारा बाप मुलगा मेला समजून बसला आणि मारला गेला, आणि आपण सगळे रथाची चाकं बघतोय.

आता कोणी म्हणेल, परीक्षाच वाईट आहे, नुसती घोकंपट्टी. मान्य. माझ्याइतके पेपर तपासलेत त्याला विचारा. पण ती कानांवर हात ठेवलेली मुलगीही त्याच वाईट परीक्षेला बसली होती ना? आणि हेही कबूल करते, की पस्तीस गुणांसाठी, पोलीस भरतीला बारावी पास लागते म्हणून थरथरत चिठ्ठी काढणाऱ्या शेतमजुराच्या पोराबद्दल माझ्या मनात फारसा राग नाही. राग आहे तो केंद्रावर, संस्थेवर, कंपाउंडवर चढलेल्या मामांवर. आणि व्हरांड्यातल्या बाईंवर.

कायदे काय कमी आहेत? आपल्या राज्यात परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. केंद्राने २०२४ मध्ये आणखी एक केला, भरतीच्या आणि एनटीएच्या परीक्षांसाठी. टोळी करून गुन्हा केला तर पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड. चांगलं आहे. पण मधल्या काळात काय झालं ते आठवा. शिक्षक व्हायला जी पात्रता परीक्षा लागते, त्या टीईटीतच पैसे देऊन गुण वाढवल्याचं २०२१ मध्ये उघड झालं. परीक्षा परिषदेचे तेव्हाचे आयुक्तच डिसेंबरात अटक झाले. २०२२ मध्ये पावणेआठ हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. वर्तमानपत्रांनी तो आकडा मोठ्या टायपात छापला. माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न आला. या लोकांमुळे ज्यांची नोकरी हुकली, वय निघून गेलं, ज्यांना घरच्यांनी "तुझ्यातच काही नाही" म्हणून ऐकवलं, त्यांची यादी कोण करणार? ती होतच नाही. फसवणाऱ्यांची मोजदाद होते, फसलेल्यांची नाही.

असो. शाळेबद्दल एवढं लिहिलं तरी मूळ मुद्दा घरातला आहे.

आमच्या नात्यातली एक मुलगी. कोणती ते विचारू नका, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. स्थळ आलं तेव्हा मुलगा इंजिनिअर म्हणून सांगितला होता. लग्नाला चार वर्षं झाल्यावर कुठल्याशा कर्जासाठी कागद लागले आणि कळलं, शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिलेले, ते कधी सुटलेच नाहीत. मुलगा दारू पीत नाही, हात उगारत नाही, कमावतोही बरं. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं, "त्यात काय एवढं? थोडंफार वाढवून सगळेच सांगतात."

त्यात काय एवढं ते मी पाहिलंय, कारण ती माझ्याकडे येऊन राहिली होती पंधरा दिवस. तिला पदवीचं दुःख नव्हतं हो. ती म्हणायची, "आत्या, आता मला काहीच खरं वाटत नाही." तो ऑफिसातून निघालो म्हणाला की ही घड्याळ बघणार. विजेचं बिल भरलं म्हणाला की पावती शोधणार. लग्नाआधी तो काय काय बोलला होता ते आठवून आठवून एकेक वाक्य तपासत बसायची, जसं मी पेपर तपासायची तसं. आणि लोक तिलाच विचारायचे, "तू एवढी शिकलेली, तुला चार वर्षं कळलं कसं नाही?" म्हणजे विश्वास ठेवला हा हिचाच गाढवपणा!

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं बारावं कलम मी मुद्दाम वाचून काढलं. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण लबाडी कळल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा, आणि कळल्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिलेलं असता कामा नये. कडेवर तीन वर्षांचं पोर असताना कोण करणार आहे अर्ज? ती परत गेली. राहतायत दोघं. पाहुण्यांसमोर हसतेही.

पण मला खरा धक्का कशाचा बसला सांगू? मध्यस्थाला हे माहीत होतं. मुलाच्या मामीला माहीत होतं. आणि आमच्या बाजूच्या दोघांना माहीत होतं! लग्नाआधी! मी जाब विचारला तर एक जण काय म्हणाले? "अहो वहिनी, खोटं बोलून त्यानं स्वतःचंच नुकसान केलं." ते समोर बसले होते आणि मला ती चिंच दिसत होती.

हे सगळं आजच लिहायला बसले त्याला कारण आहे. आपल्याच घरात एक सोयरीक ठरते आहे, साखरपुडा या महिन्याच्या २३ तारखेला आहे. मुलाबद्दलची एक गोष्ट मुलीकडच्यांना सांगितलेली नाही. काय ते इथे लिहिणार नाही, तो त्यांचा हक्क आहे. मुलगा चांगला आहे, लहानपणी माझ्याच हाताखाली बाराखडी शिकला, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. गोष्टही अशी आहे की समजूतदार माणसं ऐकून घेतील, कदाचित हो सुद्धा म्हणतील. पण 'कदाचित' त्यांनी म्हणायचंय, आपण नाही. मला दोनदा सांगून झालंय, "काकू, तुम्ही यात पडू नका, लग्नानंतर तोच सांगेल तिला."

बाळांनो, मी एकदा व्हरांड्यात उभी राहिलेली बाई आहे. रविवारपर्यंत थांबते. तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत तर मी तुमच्याबरोबर येईन, हवं तर बोलायला सुरुवातही करून देईन. मुलीच्या वडिलांचा फोन नंबर मी लिहून घेतला आहे.