‘हो’ म्हणजे खांदा

मराठीच्या मास्तराला लोक काय वाटेल ते विचारतात. लग्नपत्रिकेचा मायना कसा असावा, नव्या घराला नाव काय द्यावे, ‘आशीर्वाद’मधली ‘शी’ ऱ्हस्व की दीर्घ! आणि विचारले म्हणजे उत्तर दिलेच पाहिजे, अशी मास्तराचीही समजूत असते. या समजुतीने माझ्या हातून एक चूक झाली, ती आज सांगणार आहे.

आठ वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळीत खामगावातल्या आमच्या शेजारच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या. कडेवर दोन वर्षांचा मुलगा. म्हणाल्या, “सर, तुम्ही भाषेचे प्राध्यापक. हा अजून एक शब्द बोलत नाही हो. हाक मारली तरी बघत नाही. कान तपासून आणले, ते चांगले आहेत.”

मी चकलीचा तुकडा मोडला आणि निकाल दिला, “मुलगे उशिराच बोलतात, वहिनी! मी तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होतो म्हणे. आता पन्नास मिनिटांचा तास घेतो, मुले घंटेची वाट पाहतात.”

सगळे हसले. वहिनीही हसल्या आणि निर्धास्त होऊन घरी गेल्या. त्या निर्धास्तपणात त्या मुलाचे दीड वर्ष गेले.

खरे म्हणजे त्याच संध्याकाळी तो मुलगा आमच्या ओसरीवर काय करत होता, ते मी पाहिले होते. न पेटवलेल्या पणत्या त्याने भिंतीलगत एका रेषेत मांडल्या होत्या. आमच्या मुलीने त्यातली एक उचलली, तर त्याने आकांत मांडला. खेळण्यातली मोटार तो चालवत नव्हता. उलटी धरून तिचे चाक फिरवत आणि त्याकडे टक लावून बसला होता. आणि करंजी हवी झाली तेव्हा त्याने बोट दाखवले नाही. आईचे मनगट धरले आणि तो हात, एखादा चिमटा न्यावा तसा, ताटापर्यंत नेला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलेच नाही.

या बोट दाखवण्याबद्दल मला थोडे बोलायचे आहे, कारण भाषेची सुरुवात शब्दापासून होते असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आणि ते चूक होते. कडेवरचे मूल वर्षाच्या आसपास चांदोमामाकडे बोट करते. त्याला चंद्र हातात नको असतो. बोट करून ते लगेच वळून आईकडे बघते, ‘तू पाहिलास ना?’ म्हणून. एकदा चंद्राकडे, एकदा आईकडे, अशी ही जी दुहेरी नजर असते, तिच्यावर पुढे सारी भाषा उभी राहते. मूल दीड वर्षाचे होऊनही अशी नजर दिसत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, रिकाम्या कपातून खोटाखोटा चहा पिण्याचा खेळ सुरू होत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द हरवू लागले असतील, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. यातल्या एकाच खुणेवरून काही ठरत नाही. पण दोन-चार एकत्र दिसल्या तर बालविकासाच्या डॉक्टरांना दाखवावे. रक्ताच्या तपासणीत हे कळत नाही. मुलाला बघून आणि आईबापांशी बोलूनच ते ठरवावे लागते.

मराठीत याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द गोड आहे आणि तिथेच माझी तक्रार आहे. मग्न होणे ही आपल्याकडे साधनेची गोष्ट. जणू ते मूल आपल्या मर्जीने डोळे मिटून बसले आहे! मूळ शब्दातही ‘स्व’च आहे. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने १९११च्या सुमारास तो दुसऱ्याच एका मनोविकारासंबंधी वापरला होता. मुलांना तो चिकटला १९४३मध्ये, जेव्हा अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी आठ मुलगे आणि तीन मुली अशा अकरा मुलांची हकिकत प्रसिद्ध केली.

त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. विचारलेला प्रश्नच तो उत्तर म्हणून परत करी, आणि स्वतःला ‘तू’ म्हणे. वडिलांनी त्याला ‘हो’ शिकवायचे ठरवले. “तुला खांद्यावर घेऊ का? हवे असेल तर ‘हो’ म्हण.” डोनाल्ड ‘हो’ म्हणाला. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्या भाषेत ‘हो’ या शब्दाचा एकच अर्थ होता : मला खांद्यावर घ्या! मी अलंकार आणि शब्दशक्ती शिकवत आलो, पण अर्थ हा शब्दात नसून दोघांच्या करारात असतो, हे मला या खांद्याइतके कुणी शिकवले नव्हते.

हाच डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, आपल्या लहानशा गावातल्या बँकेत अनेक वर्षे नोकरी केली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. घरचे खातेपिते होते हे खरे. पण गावाने त्याला आपला म्हटले, हेही तितकेच खरे. सगळ्यांची वाटचाल अशी होत नाही. काहींना जन्मभर आधार लागतो, काही कधीच बोलत नाहीत.

वहिनींना मात्र दूषणेच मिळाली. ‘नोकरी करते, मुलाकडे बघत नाही,’ हे सासरकडून. ‘मोबाइल दिला असेल,’ हे गल्लीकडून. मोठमोठ्या पंडितांनीही हेच केले आहे. आईच्या थंड स्वभावामुळे मूल असे होते, हे मत बेटलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने जगभर पसरवले आणि किती आया त्यात पोळल्या असतील! त्याआधीच, १९६४मध्ये, असाच मुलगा असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी, दोष आईचा नसून मेंदूच्या घडणीचा आहे, असे लिहून ठेवले होते. आज आपल्याला माहीत आहे की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लशींवर आळ घेणारा १९९८चा लेख तर ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये स्वतःच मागे घेतला; तेव्हा त्या भीतीने गोवराची लस चुकवणे हा वेडेपणा आहे.

साडेतीन वर्षांचा असताना अखेर त्या मुलाला घेऊन त्या शेगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेल्या. आता इतके लांबही धावण्याआधी जवळ विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी पथके येतात. त्यांच्या यादीत हेही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आलेली आहे. तरी एका शाळेने ‘इतर पालक नाराज होतील’ म्हणून त्याला नाकारलेच. दुसरीने घेतले.

मुंबईत वहिनींना औषध मिळाले नाही, कारण स्वमग्नता घालवणारे औषध नाही. मिळाली ती रीत. बसावे त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, बोलावे थोडे, दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, आणि तो जे पुन्हा पुन्हा बोलतो त्याला निरर्थक समजू नये. फटाक्यांचा आवाज त्याच्या कानांना खरोखरच सोसत नाही, हेही तेव्हा कळले. गेल्या दिवाळीत गल्लीतल्या मुलांनी आपले फटाके पलीकडच्या मैदानावर नेऊन उडवले. दोघे-तिघे कुरकुरले, पण गेले.

मी माफी मागितली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “सर, तुम्हीच एकटे का, घरचे सगळेच तेच म्हणत होते.” यामुळे मला बरे वाटले नाही.

तो आता दहा वर्षांचा आहे. एस.टी. स्टँडवरच्या घोषणा त्याला तोंडपाठ, आवाजाच्या चढउतारासकट. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि सवयीप्रमाणे बोलत राहिलो. तो शेजारी पणत्यांची रांग लावत होता. तासाभराने माझ्याकडे न बघता तो स्पष्ट आवाजात म्हणाला, “खामगाव-बुलढाणा गाडी फलाटावर उभी आहे. प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावे.”

वहिनी हसू लागल्या. मी चपला शोधल्या.