रूट कॅनाल केलेली दाढ पुन्हा दुखतेय? काढण्याआधी हे विचारा

गेल्या काही वर्षांत शहरांत डेंटल इम्प्लांटच्या जाहिराती खूप वाढल्या आहेत. त्यामुळे रूट कॅनाल केलेली दाढ पुन्हा दुखू लागली की अनेक रुग्ण आधीच ठरवून येतात, "डॉक्टर, आता काढूनच टाका." पण रूट कॅनाल अयशस्वी झाले म्हणजे दाढ गेलीच, असे नाही.

उपचार का फसतो?

दाढेच्या मुळांतील नलिका अरुंद आणि वाकड्या असतात. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा तीन नव्हे, चार नलिका असतात. चौथी फार बारीक असल्याने राहून जाते आणि तिथे जंतू वाढतात. कॅप उशिरा बसवली किंवा तिच्या कडेने लाळ झिरपली, तरी संसर्ग परततो. दुखत नसले तरी हिरडीवर पू येणारी पुळी दिसल्यास तपासणी करून घ्या.

पुन्हा रूट कॅनाल कसे करतात?

जुने भरण काढून राहिलेली नलिका शोधतात, जंतुनाशक द्रावणाने नलिका धुतात आणि पुन्हा भरतात. सूक्ष्मदर्शक आणि गरज असल्यास सीबीसीटी स्कॅनची मदत होते. यशाची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा थोडी कमी असली, तरी चांगली असते. मूळ उभे तडकले असेल किंवा कीड हिरडीखाली खोलवर गेली असेल, तर मात्र दाढ काढावी लागते.

खर्चाचे गणित

बहुतेक आरोग्य विमा योजनांत रूट कॅनालचा खर्च मिळत नाही. म्हणून दाढ काढणे स्वस्त वाटते. पण जागा रिकामी राहिली तर शेजारचे दात कलतात आणि इम्प्लांट सहसा अधिक महाग पडते. अनियंत्रित मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असल्यास तेही निकामी होण्याचा धोका वाढतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात उपचार होतात. फेऱ्या मात्र जास्त माराव्या लागू शकतात.

डॉक्टरांना हे विचारा

- उपचार नेमका कशामुळे फसला?
- मुळाला तडा आहे का?
- एन्डोडॉन्टिस्टचे मत घ्यावे का?
- नवी कॅप धरून एकूण खर्च किती?

केवळ अँटिबायोटिक घेऊन हा संसर्ग बरा होत नाही. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. श्वास घ्यायला त्रास होत असल्यास थेट रुग्णालय गाठा.