राजीनाम्यावर सही करण्याआधी

मैत्रिणींनो, घरच्या माणसाची नोकरी गेली की आधी काय होतं? दूध अर्ध्या लिटरवर येतं आणि गावी फोन करणं कमी होतं. आमच्या कांदिवलीत चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे कितीतरी जण तुमच्याच गावांतले आहेत. म्हणून हे तुम्हालाही ठाऊक हवं.

हल्ली "कामावरून काढलं" असं मालक सहसा म्हणतच नाहीत. "राजीनामा द्या, हिशेब आजच करू," असं गोड बोलून कागद पुढे सरकवतात. आमच्या मंडळात येणाऱ्या एकीच्या नवऱ्याने अकरा वर्षांच्या नोकरीनंतर अशीच सही केली. हातात आला शेवटचा पगार आणि वर थोडे पैसे. त्याच्याच जागी छाटणी झालेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार मिळतो, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. अठरा हजारांच्या पगारावर अकरा वर्षांचे हे लाखाच्या घरात जातात! स्वतःहून राजीनामा दिला की या भरपाईवर पाणी सोडावं लागतं. (पीएफ मात्र राजीनाम्याने बुडत नाही, आणि पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटीही नाही. तशी भीती कोणी घातली तर घाबरू नका.)

दुसरी गोष्ट ईएसआयची. ज्यांच्या पगारातून ती कापली जाते त्यांना वाटतं, हे कार्ड फक्त कामगार विम्याच्या दवाखान्यापुरतं. पण २०१८ पासून 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' आहे. बेकार झालेल्या विमाधारकाला रोजच्या सरासरी कमाईचा काही हिस्सा ९० दिवसांपर्यंत मिळतो, तोही आयुष्यात एकदाच. आधी हा हिस्सा २५ टक्के होता, करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ५० टक्के केला. रोजचे सहाशे धरले तर तीन महिन्यांचे सत्तावीस हजार. यात घर चालत नाही, पण शाळेची फी आणि भाडं निभतं. गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हे मिळत नाही. म्हणजे इथेही पुन्हा कागदावर काय लिहिलंय, तेच महत्त्वाचं! योजना मुदतीची असून वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा अर्ज करण्याआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात चौकशी करा. आधार आणि बँक पासबुक जवळ ठेवा.

राहिलं नवं काम शोधणं. सरकारच्या 'महास्वयम' वर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, रोजगार मेळाव्यांची खबरही तिथेच मिळते. नोंदणीचे म्हणून दोन हजार मागणाऱ्या एजंटाला दारातही उभं करू नका. आणि घरच्या माणसाला चारचौघांत सांगू द्या की नोकरी गेली. आपल्याकडे बायकाच कधी कधी ते झाकून ठेवतात, सासरी कळेल म्हणून. कारखान्यांतली बरीच कामं अजून ओळखीनेच लागतात, आणि ज्याला ठाऊकच नाही तो शब्द टाकणार कसा?