गाईच्या गळ्यात सेन्सर, पण मेसेज कुणाच्या मोबाईलवर?

विष्णुपुरीत खोली करून इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्या एका पोराने मागे मला त्याचा प्रोजेक्ट दाखवला. गाईच्या गळ्यात बांधायचा पट्टा, त्यात हालचाल मोजणारी चिप. धडधाकट गाय दिवसाला सात-आठ तास रवंथ करते. ते कमी झाले की ताप, अपचन नाहीतर कासदाह सुरू होतोय असे समजावे. गाय अचानक जास्त फिरू लागली की माजावर आली. माज चुकला की पुढचे एकवीस दिवस वाया. हे सगळे मोबाईलवर कळते. काम चांगले होते, मला आवडले.

मी एकच विचारले, मेसेज कुणाच्या मोबाईलवर जातो?

"मालकाच्या," तो म्हणाला.

आणि गोठ्यात कोण असतो? आपल्या नांदेड-लातूर भागात पाडव्याला साल ठरते. उचल घेऊन सालगडी वर्षभरासाठी बांधला जातो. पहाटे शेण काढणारा, वैरण टाकणारा, गाय कडब्याला तोंड लावत नाही हे सगळ्यात आधी पाहणारा तोच. तो बहुतेक वेळा कोणत्या वस्तीतून येतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. लाल कंधारी किंवा देवणी बैलाची चाल बिघडली हे त्याला चिपच्या आधी कळते. आता तेच ज्ञान यंत्रात गेले, मालकाच्या खिशात गेले. सालगड्याला उलट फोन येणार, "गाय आजारी आहे, तू काय करत होतास?" जनावरावर नजर ठेवणारे यंत्र माणसावर पहारा ठेवायला असे सहज वळते.

कुणी म्हणेल, तुम्ही मुक्या जनावराच्या विरोधात आहात. अजिबात नाही. पंचशीलातले पहिले शील माणसापुरते नाही. पण ज्या महाडच्या तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती, तिथे बाबासाहेबांनी १९२७ साली जनावरांना हटवा असे म्हटले नव्हते.

जवळचे उदाहरण घ्या. २०२२ साली इस्लामपूरकडच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी उसाच्या बैलगाडीला पुढे एक चाक लावले, बैलाच्या मानेवरचा भार कमी व्हावा म्हणून. सगळीकडे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण त्याच उसाच्या फडात डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईच्या मानेसाठी कोणते चाक निघाले? तिथे तर नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, बाई वेगळी मोजलीच जात नाही. शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दुखणे मोजायला इथे सेन्सर लागत नव्हता, विचारणारा लागत होता.

सरकारही मोजणी करते आहे. जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आला. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही. लम्पीनंतर लसीकरणाची नोंद हवी हे मान्य. मग हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैलाची ओळख पटते, त्याला घेऊन आलेल्या सालगड्याच्या कामाच्या तासांची नोंद कुठे आहे?

संविधानाचे कलम ४८ काढून वाचा. गोरक्षकांना त्याचा उत्तरार्ध तोंडपाठ असतो. पूर्वार्ध शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने करायला सांगतो. सेन्सर तिथे बसतो, म्हणून तो आपला शत्रू नाही. पण त्याच्या पाच पायऱ्या आधी कलम ४३ आहे. त्यात शेतमजुराला निर्वाह वेतन, माणसासारखे जगता येईल अशी कामाची परिस्थिती आणि विश्रांती लिहिली आहे. एका कलमासाठी अ‍ॅप निघते, दुसऱ्यासाठी निवेदन घेऊन तहसीलला जावे लागते.

म्हणून त्या पोराला मी प्रोजेक्ट सोडायला सांगितले नाही. पहिला मेसेज सालगड्याला जाऊ दे, मराठीत आणि आवाजात, कारण वाचता येईलच असे नाही. माज वेळेवर ओळखून गाय गाभण राहिली तर त्यात त्याचा वाटा साल ठरतानाच लिहिला जावा. आणि पट्टा उस्मानाबादी शेळीला परवडेल इतका स्वस्त कर, कारण आपल्या वस्तीत गाय कमी, शेळ्याच जास्त. शेवटची गोष्ट अवघड आहे म्हणाला, बॅटरीच महाग पडते. पुढच्या रविवारी विहारात ये, दोन सालगडी आणि शेळ्या राखणाऱ्या दोन बाया बोलावतो, त्यांना विचारून मग पुढची चिप बसव, असे ठरले आहे.