तिळि सारु

आपल्या भागात सूप हा शब्द हॉटेलच्या मेनूकार्डावरून घरात आला. पदार्थ मात्र घरात आधीपासून होताच. मराठी घरात त्याला सार, कट, कढण म्हणतात, कन्नड घरात सारु, कट्टु. आपण ते भातावर ओततो, एवढंच. भात बाजूला ठेवला की झालं सूप!

मी मराठी घरातून कन्नड घरात आले. सासूबाई, आमच्या अत्ते, मूळच्या शिरसीच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले आणि कवळी काही मानवेना. भाकरी सुटली, पल्य सुटलं, वजन उतरू लागलं. मुलीने पाकिटातलं सूप आणलं; पण त्यात मक्याचं पीठ आणि मीठच फार, आणि अत्तेंना रक्तदाब. मग मी एक वहीच घातली. त्यांनी खुर्चीत बसून सांगायचं, मी करायचं.

सुरुवात पावसाळ्यात, म्हणजे हुलग्यांनी झाली. वाटीभर हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवून पाणी गाळून घ्यायचं. त्यात आमसूल, मीठ, गुळाचा खडा आणि वरून तुपात जिरं, सुकी मिरची, कढीपत्ता. लसूण ही माझ्या माहेरची पद्धत; अत्तेंच्या मते हिंग पुरे. थंडीत भात कापलेल्या रानातला नवा मसूर आला, त्याला आलं आणि मिरी. होळीला कटाची आमटी, म्हणजेच कट्टिन सारु : पुरणाच्या डाळीचं पाणी, चिंच, गूळ, भाजलेलं सुकं खोबरं, दालचिनी-लवंग. ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, यावर दोन्ही घरांचं एकमत आहे.

उन्हाळ्याने मात्र मला खरं नवीन काही शिकवलं. माझ्या माहेरी उन्हाळा म्हणजे आमसुलाचं सार. अत्तेंनी तंबुळी करायला लावली. ब्राह्मीची नाहीतर ओव्याच्या रोपाची जाड पानं तुपावर परतायची, जिरं-मिरी आणि ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखी वाटायची आणि ताकात कालवायची. उकळायची नाही! तंपु म्हणजे थंड, हुळि म्हणजे आंबट. नावातच कृती आली. दुसरी अप्पेहुळि : कैरी उकडून तिचा गर भरपूर पाण्यात कुस्करायचा, मीठ, मिरची आणि हिंगाची सढळ फोडणी. दुपारी ती प्यायली की झोप येते म्हणतात. कॉलेजच्या दिवशी मी ती पीत नाही.

वहीत एक शब्द सारखा येतो : तिळि. तिळि सारु म्हणजे नितळ, पातळ सार. आणि तिळि म्हणजे समजून घे, असंही. भाषा शिकवणाऱ्या बाईला असा शब्द स्वयंपाकघरात सापडला की फोडणी करपायची वेळ येते.

याच शब्दावरून आमचं वाजतं. कट फार पौष्टिक, असं आपण मानतो. पण प्रथिनं बहुतेक दाण्यातच राहतात. गाळलेल्या पाण्यात थोडीच उतरतात. भाकरी-उसळ खाणाऱ्याला चालतं, कारण दाणेही त्याच्याच पोटात जातात. ज्या माणसाचं जेवणच सार आहे, त्याला नुसतं पाणी देऊन कसं चालेल? म्हणून मी मूठभर शिजलेले दाणे बारीक वाटून परत सारात घालते. अत्तेंना ते पटत नाही. वाटी डोळ्यांजवळ धरतात आणि म्हणतात, "इदु तिळि अल्ल."

सध्या आमचं दोन चमच्यांवर ठरलंय. मी तीन घालते. काल त्यांनी वाटी संपवली, तळाशी बसलेला गाळ बोटाने पुसून घेतला, आणि मला म्हणाल्या, "उद्या लसूण घाल थोडा. तुझ्या आईसारखा."