कोयता, फ्लॅट आणि प्रेम

एक मे ला आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो (म्हणजे खरं तर सुट्टी साजरी करतो). त्याच दिवशी प्रागमध्ये पेत्रशीन नावाच्या टेकडीवर जोडप्यांची गर्दी होते. तिथे कारेल हिनेक माखा या कवीचा पुतळा आहे. त्यानं १८३६ साली 'माय' नावाचं दीर्घकाव्य लिहिलं. माय म्हणजे मे महिना, आपली माय नव्हे :) तेव्हा एक मे हा चेक लोकांचा प्रेमाचा दिवस. पुतळ्यापाशी फुलं ठेवायची आणि मोहरलेल्या चेरीखाली मुलीचं चुंबन घ्यायचं. तसं केलं की ती वर्षभर सुकत नाही म्हणे!

मी ब्रनोला आठ महिने ऑनसाईट होतो. परत आल्यावर हे सगळं सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक आमच्या इंदापूर तालुक्यातली, पारावरची: "त्यांच्यात काय बाबा, लाज ना लज्जा." दुसरी हिंजवडीतली, कँटीनमधली: "साले लकी आहेत!" मला विचाराल तर दोन्ही चूक.

आधी लाज-लज्जेचं बघू. माझा तिथला टीम लीड अकरा वर्षं एका मुलीबरोबर राहतोय. दोन पोरं आहेत. लग्न नाही. का नाही म्हणून विचारलं, तर तो जरा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "कशासाठी?" त्यात कसला आव नव्हता, त्याला खरंच सुचेना. हाच माणूस दर शनिवारी पोरांना घेऊन (न झालेल्या) सासू-सासऱ्यांच्या गावाकडच्या घरी जातो, त्यांची लाकडं फोडून देतो आणि सोमवारी सासूबाईंनी केलेला जॅम ऑफिसात वाटतो. यापेक्षा घरंदाज जावई आमच्या बारामतीत तरी मला दिसलेला नाही. आणि तो काही वेगळा नमुना नव्हे. झेकियात आजकाल जन्मणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांचे आईबाप लग्न न केलेले असतात.

पण गंमत पुढे आहे. ही त्यांची 'संस्कृती' मुळीच नाही! १९८९ साली, कम्युनिस्ट राजवट कोसळली त्या वर्षी, हेच प्रमाण शंभरात सात-आठ होतं. तेव्हा चेक मुली एकवीस-बाविसाव्या वर्षी लग्न करून मोकळ्या व्हायच्या, अगदी आपल्यासारख्या. का? तर फ्लॅट सरकारच्या नाहीतर सोसायटीच्या हातात, रांग लांबलचक, आणि रांगेत लग्न झालेल्यांचा नंबर आधी. १९७३ पासून नवविवाहितांना सरकारी कर्ज मिळायचं, मूल झालं की त्यातली काही रक्कम माफ. म्हणजे लग्न हा घर मिळवायचा फॉर्म होता. पुढे घर मिळवायचे दुसरे रस्ते निघाले, बाईला तिची नोकरी होतीच, बाळंतपणानंतर मूल तीन वर्षांचं होईपर्यंत रजा घेता येते आणि भत्ता मिळतो. फॉर्मची गरज उरली नाही, मग उरलं ते प्रेम. माणसं तीच, आजी-आजोबाही तेच, आणि पंचवीस-तीस वर्षांत लग्नाची रीत पार बदलली.

आणि हो, ते 'लकी' वगैरेही फार ताणू नका. तिथे शंभरातली चाळीसएक लग्नं मोडतात. जातीसारखं काही नाही असंही नाही. हजारेक वर्षांपूर्वी आपल्या बाजूनं निघून गेलेले रोमा लोक तिथे राहतात. त्यांच्या भाषेत अजून पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान' म्हणतात. त्यांच्यात मुलगी द्यायची किंवा त्यांची सून आणायची म्हटलं की भले भले मोकळे चेक चाचरतात. कित्येक रोमा बायकांची नीट संमती न घेता नसबंदी केली गेली, आणि त्याची भरपाई देणारा कायदा व्हायला २०२१ साल उजाडलं. असो.

आता आपल्या फडात या. दसरा-दिवाळी झाली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांसाठी बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. या धंद्यात मजूर माणसात मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मग हंगामाच्या तोंडावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न का उरकतात, हे कळायला समाजशास्त्र शिकावं लागत नाही. लग्न लागलं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो.

आपण पुण्यात बसून यावर हळहळतो. पण आपल्या बायोडेटात तरी दुसरं काय असतं? जात, पोटजात, नातेसंबंध म्हणून दहा आडनावं, बागायत किती एकर. आणि हल्ली मुलीकडची अपेक्षा: पुण्यात स्वतःचा फ्लॅट. माझा चुलतभाऊ तेहतीस वर्षांचा आहे. चार एकर ऊस, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, व्यसन नाही, स्वभाव माझ्यापेक्षा कितीतरी बरा. त्याला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशाच पोरांनी नवरदेव बनून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, त्याचाही हा हिशेब आहेच. पण गावात कुणी तसं म्हणत नाही. गावात म्हणतात, "पोरी माजल्या, फ्लॅट मागतात."

मंडळी, पोरी माजल्या नाहीत, त्यांचं गणित बरोबर आहे. माहेरच्या जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. पण वडील गेले की भाऊ आदबीनं हक्कसोडपत्र पुढे करतात आणि बहीण सही करते. सासरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नसतंच. म्हणजे माहेरचं गेलं, सासरचं आलं नाही. मग तिच्या नशिबी विमा म्हणून एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नवरा. आणि विमा काढताना माणूस कंपनीच्या प्रेमात पडत नाही, कागद तपासतो! जात, एकर, फ्लॅट हे सगळे ते कागद.

म्हणून मला वाटतं, "आमच्याकडे लव्ह मॅरेज चालत नाही हो, घरचे जुन्या विचारांचे आहेत" हे अर्धंच खरं आहे. विचार आपोआप बदलायची वाट बघत बसलो तर चेरी मोहरून झडूनही जाईल. तिथे आधी बाईच्या पायाखालची जमीन बदलली, विचार मागून आले. आंतरजातीय लग्न केलं तर आपलं सरकार पन्नास हजार देतं. चांगलं आहे, पण तेवढ्यावर कुठली मुलगी घरच्यांशी वैर घेईल?

आता माझं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. वारसनोंदीत आई, ताई आणि मी आहोत. ताईनं हक्कसोड द्यायचं हे भावकीनं ठरवूनच टाकलंय, कागद कधी करायचा एवढंच विचारतात. मी नाही म्हटलं. मामा सध्या माझ्यासाठी स्थळं बघतोय, तो वैतागून म्हणाला, "अरे, बहिणीचं नाव सातबाऱ्यावर राहिलं तर चांगलं स्थळ येईल का तुला?" मी म्हटलं, मामा, ज्या घरात मुलीचं नाव जमिनीवर राहू देतात, त्याच घरात मला जावई म्हणून जायचंय, आणि बायोडेटातली जातीची ओळही काढून टाक. मामानं फोन ठेवला. चार दिवस झाले, उचलत नाहीये :)

अवघड मामा नाहीये, ताई आहे. ती म्हणते, "राहू दे रे. जमीन घेऊन काय करू? माहेर तुटेल." शिकलेली आहे, नोकरी करते, तरी हेच म्हणते. तिला मी काय सांगणार? एवढंच म्हटलं की सही केल्याशिवाय टिकत नसेल तर ते कसलं माहेर. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. दिवाळीला येईल तेव्हा परत बोलू.

तोवर तुम्हीही एक काम करा. सातबारा हल्ली ऑनलाईन दिसतो, दोन मिनिटं लागतात. तुमच्या घरच्या उताऱ्यावर बहिणीचं नाव आहे का, बघून घ्या.