इच्छामरण, पण कुणाच्या इच्छेनं?

आपल्या कथांमधली मरणारी माणसं फार बोलतात. भीष्म शरपंजरी पडून राजधर्म सांगतो. २०१० साली आलेला संजय लीला भन्साळींचा 'गुजारिश' आठवतो? गोव्यातल्या जुन्या वाड्यात मानेखाली लुळा पडलेला जादूगार ईथन मास्कारेन्हस रेडिओवरून लोकांना जगण्याची उमेद देतो आणि स्वतःसाठी कोर्टाकडे मरण मागतो. कोर्ट नकार देतं. शेवटी नर्स सोफिया मदतीला तयार होते, निरोपाची मेजवानी होते आणि आपण डोळे पुसत थिएटरबाहेर पडतो.

मला या कथांचा राग येतो. कारण प्रश्नातली सगळ्यांत अवघड गोष्टच त्या काढून टाकतात. भीष्माला, ईथनला काय हवंय ते ठाऊक असतं आणि सांगताही येतं. खऱ्या आयुष्यात आधी वाचा जाते.

अरुणा शानभाग आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यातल्या हळदीपूरची. मुंबईच्या केईएम इस्पितळात नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला इजा झाली. १८ मे २०१५ला न्यूमोनियानं सुटका होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ, ती त्याच इस्पितळात पडून होती. पत्रकार पिंकी विराणी तिच्या मरणासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. इतकी वर्षं तिला भरवणाऱ्या, धुणाऱ्या-पुसणाऱ्या परिचारिका ठामपणे विरोधात उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ला याचिका फेटाळली गेली. कळवळा दोन्हीकडे होता. पण अरुणाला काय हवं होतं, हे दोघींपैकी एकाही बाजूला विचारता आलं नाही.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर: 'जीव देणारा देव, नेणाराही देव. माणसानं मधे पडू नये.' अहो, पण नाकातोंडात नळ्या घातल्या त्या कुणी? नळी घालायचा निर्णय माणसाचा आणि काढायचा तेवढा देवाचा? देवावर सोडलं म्हणणारा बाप प्रत्यक्षात अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या पोरावर सोडून मोकळा होतो. डॉक्टर विचारतात, 'काय करायचं?' तो 'थांबवा' म्हणाला तर जन्मभर मनात बोच, 'चालू ठेवा' म्हणाला तर बापाचे हाल. कौल देवाला लावलेला, उत्तर मात्र पोराच्या तोंडून!

कायदा आता आपल्या पुढं गेला आहे. ९ मार्च २०१८ला घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्या वेळी गोवा खंडपीठावर असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ साली स्वतःचं असं इच्छापत्र केलं. गोव्यातलं ते पहिलंच.

शंका येते ती खरी आहे: भाटावर डोळा ठेवून बसलेले वारस याचा फायदा घेतील. म्हणूनच तर ते शुद्धीत असताना आपल्या हातानं लिहायचं. शिवाय विषाचं इंजेक्शन देण्याची मुभा आजही नाही. निरर्थक उपचार तेवढे थांबवता येतात, तेही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासल्यावर. आणि वाचकहो, त्या कागदावर 'मला जगवा, शेवटपर्यंत प्रयत्न करा' असंही लिहिता येतं. तीही इच्छाच. घाई करणाऱ्या पोरापासून आणि सोडवत नाही म्हणून ताटकळत ठेवणाऱ्या पोरापासून, दोघांपासूनही तो कागद आपल्याला वाचवतो.

भाट कुणाला, घर कुणाला, दागिने कुणाला, यासाठी आपण नोटरीकडं खेटे घालतो. नारळाच्या चार माडांची व्यवस्था लावतो. स्वतःच्या शेवटच्या श्वासाबद्दल मात्र अवाक्षर नाही, आणि घरात कुणी विषय काढलाच तर 'अभद्र बोलू नकोस' म्हणून गप्प करतो. अरुणाला बोलायची संधी मिळाली नाही. आपल्याला आहे, आणि ती आपण गप्प राहून घालवतो आहोत.